व्हेनिअर की कॅप : आधी दात किती उरलाय ते बघा

पुढच्या दातांमधली फट, पडून तुटलेला एखादा कोपरा, लहानपणापासूनचे तपकिरी डाग, यांपैकी काहीही घेऊन दवाखान्यात गेलं की बोलणं लवकरच दोन शब्दांवर येऊन ठेपतं : व्हेनिअर की कॅप. मग दरपत्रक पुढे येतं. या प्रकाराला दाताला इतके, त्याला तितके. याची गॅरंटी पाच वर्षं, त्याची दहा. घरात चार महिन्यांवर लग्न आलेलं असलं की निर्णयाची घाई असते, आणि पाचापेक्षा दहा जास्त हे कळायला दंतशास्त्र शिकावं लागत नाही. साहजिकच बरेच जण कॅपकडे झुकतात. बसवून झाल्यावर आरशात बघून या दोहोंतला फरक ओळखणं सामान्य माणसाला अवघडच असतं. दोन्ही एकाच सिरॅमिकची, एकाच लॅबमध्ये, एकाच रंगाची बनू शकतात. फरक आहे तो आत, आरसा पोचत नाही तिथे : ते बसवण्यासाठी तुमचा स्वतःचा दात किती कापला गेला. म्हणून वरचं आवरण कुठलं हे ठरवायच्या आधी खालचा दात किती शाबूत आहे हे ठरलं पाहिजे. धडधाकट दाताला कॅप घालणं हे बहुतेक वेळा नुकसान असतं, आणि खचलेल्या दातावर व्हेनिअर चिकटवणं हेही.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा. तो सिरॅमिकचा असतो किंवा दातात भरतात त्या कंपोझिटचा. त्यासाठी दाताची पुढची बाजू साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर घासतात. आतली, म्हणजे जिभेकडची बाजू बहुतेक तशीच राहते. कॅप दाताला चहूबाजूंनी झाकते. ती बसायला जागा हवी म्हणून दात सगळीकडून, प्रकारानुसार 1 ते 2 मिलिमीटर तासून निमुळता करावा लागतो. आकडे किरकोळ वाटतात, पण दाताचं सगळ्यात वरचं कवच, इनॅमल, स्वतःच किती जाड असतं हे कळलं की त्यांचं वजन लक्षात येतं. पटाशीच्या दातावर मधल्या भागात ते जेमतेम मिलिमीटरभर असतं आणि हिरडीजवळ त्याच्या निम्म्यावर येतं. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे 96 टक्के नुसतं खनिज. तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून जातात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरते, पण इनॅमल एकदा घासलं की आयुष्यभरासाठी गेलं. कॅपसाठी दात तासताना इनॅमल जवळपास सगळं निघून जातं आणि खालचं डेंटिन उघडं पडतं. डेंटिनमध्ये थेट नसेपर्यंत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात.

या कापाकापीचं मोजमाप 2002 साली एडलहॉफ आणि सोरेन्सन या दोघांनी केलं. पुढच्या दातांवर वेगवेगळ्या पद्धतींची तयारी करून, हिरडीच्या वरच्या भागातलं किती वजन कमी होतं ते त्यांनी तोलून पाहिलं. व्हेनिअर आणि तशाच चिकटवण्याच्या पद्धतींत ते 3 ते 30 टक्के भरलं. पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के. म्हणजे दिसणाऱ्या दाताचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग जातो आणि मधे एक खुंट राहतो. दात आधीच किडलेला, फुटलेला असेल तर या आकड्याची फारशी फिकीर करायला नको. जे कापायचं त्यातलं बरंचसं आधीच गेलेलं असतं. पण नुसत्या रंगासाठी, अगदी निरोगी दातांवर हे केलं, तर रंग आवडला नाही म्हणून भिंतच तासून काढण्यातला हा प्रकार आहे. तोही एका दातापुरता राहत नाही. हसताना वरचे आठ किंवा दहा दात दिसतात म्हणून आठही किंवा दहाही दातांवर होतो.

पुढचा प्रश्न नसेचा. दात तासताना पाण्याचा फवारा चालू असला तरी उष्णता, कंपनं आणि उघड्या पडलेल्या नळ्या यांचा त्रास नसेला होतोच. बहुतेक दातांची नस तो सोसते, काहींची सोसत नाही, आणि कुठल्या दाताची सोसणार नाही हे आधी सांगता येत नाही. स्कॉटलंडमध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रूट कॅनल न करता कॅप बसवलेल्या दातांपैकी 19 टक्क्यांच्या मुळाशी एक्स-रेमध्ये आजाराची खूण दिसली. हाँगकाँगच्या 2005 च्या अभ्यासात धातू-सिरॅमिक कॅपखालची नस दहा वर्षांनी सुमारे 84 टक्के दातांत जिवंत होती. उरलेल्या सगळ्यांचा दोष कॅपवर टाकणं न्यायाचं होणार नाही; यातल्या बऱ्याच दातांना मुळातच कीड असेल, मोठी सिमेंटं भरलेली असतील, आणि नस आधीच थकलेली असेल. पण एवढा हिशेब धरूनही एक गोष्ट उरतेच. दहा दातांना कॅप घालून घेणाऱ्या माणसाने त्यांतल्या एखाद्या दाताचं पुढेमागे रूट कॅनल होईल हे गृहीत धरावं. ते करायला कॅपलाच भोक पाडावं लागतं किंवा ती कापून काढावी लागते. दरपत्रकात हा खर्च कुठेच छापलेला नसतो.

व्हेनिअरची बाजू मात्र केवळ 'कमी कापतात' एवढ्यावर उभी नाही. ते टिकतं कशामुळे हे पाहिलं तर हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने समोर येतो. 1920 च्या दशकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस सिनेमातल्या नटनट्यांच्या दातांवर पातळ खोळी चढवून द्यायचे; त्या चित्रीकरणापुरत्या चिकटत आणि नंतर निघत, कारण कायमचं चिकटवायचं साधनच नव्हतं. ते 1955 साली मायकेल बुओनोकोर यांच्या हाती लागलं : फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल किंचित खरखरीत केलं की प्लास्टिकसारखं रेझिन त्यात घट्ट रुतून बसतं. आजही खुर्चीत हे डोळ्यांनी दिसतं. ॲसिड धुऊन दात वाळवला की चकाकी जाऊन तो खडूसारखा पांढराफटक होतो. 1983 च्या सुमाराला पोर्सिलेनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक ॲसिडने तशीच खरखरीत करता येऊ लागली आणि सिरॅमिक व्हेनिअरचं युग सुरू झालं. म्हणजे व्हेनिअरचा सगळा भरवसा इनॅमलवर. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, बारा वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात गुरेल आणि सहकाऱ्यांना आढळलं, की डेंटिनवर चिकटवलेली व्हेनिअर इनॅमलवरच्यांपेक्षा सुमारे दहापट जास्त वेळा निकामी होतात. ऑस्ट्रेलियातल्या लेटन आणि वॉल्टन यांच्या 2012 च्या अहवालात, भरपूर इनॅमल राखून चिकटवलेली पोर्सिलेन व्हेनिअर वीस वर्षांनी 91 टक्के शाबूत होती. तिथले हात सराईत होते, हे त्या आकड्याकडे बघताना विसरू नये. गल्लीतल्या प्रत्येक दवाखान्यात तसंच घडेल असं त्यावरून म्हणता येत नाही. पण व्हेनिअर म्हणजे चार दिवसांची चैन, ही समजूत मात्र त्यातून खोटी ठरते.

यावरूनच कॅपची खरी जागा कुठे सुरू होते तेही कळतं. इनॅमल जिथे संपलेलं आहे, दाताच्या भिंती जिथे पातळ झाल्या आहेत, तिथे चिकटून राहणाऱ्या पापुद्र्याचा उपयोग नाही. तिथे दाताला कवेत घेणारं काहीतरी हवं. रूट कॅनल झालेली दाढ हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. चावताना दाढेवर येणारा भार तिचे दोन कंगोरे एकमेकांपासून फाकवायला बघतो, आणि मधलं छत आधीच पोखरलेलं असल्यामुळे ती उभी चिरते. आयोवा विद्यापीठातल्या 2002 च्या अभ्यासात, रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांच्या सहापट वेगाने गमावले गेले होते. आपल्याकडे रूट कॅनल होऊन ठणका थांबला की पुढची तारीख चुकवण्याची रीतच आहे; सहा महिन्यांनी शेंगदाणा चावताना दाढ मोडते आणि मग उपटण्यावाचून इलाज उरत नाही. या बाबतीत कॅपवर पैसे वाचवू नका, असं मी कुठलीही पळवाट न ठेवता लिहीन. मात्र ती पूर्ण कॅपच हवी का, हे दाताची गरज पाहून ठरवावं. दाढेच्या दोन-तीन भिंती भक्कम असतील तर फक्त कंगोरे झाकणाऱ्या ऑनलेने भागू शकतं, आणि त्यात कापणं कमी. उलट दात हिरडीलगत मोडला असेल तर कॅपसुद्धा आपोआप चालत नाही. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर उंचीचा भक्कम दात शिल्लक असला तरच कॅपची पकड टिकते, नाहीतर कॅप आतल्या खुंटासकट हातात येते.

पुढच्या दातांचा नियम मात्र वेगळा आहे, आणि तो दवाखान्यांतून सर्रास मोडला जातो. 'रूट कॅनल झालंय, आता कॅप घालावीच लागेल' हे वाक्य दाढेसाठी बरोबर आहे, पटाशीच्या दातासाठी दर वेळी नाही. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी 1984 मध्ये रूट कॅनल झालेल्या 1273 दातांची तपासणी केली. दाढा-उपदाढांना कॅपचा फायदा ठळक दिसला. पुढच्या दातांना कॅप घातल्याने टिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. पुढच्या दातावर भार वेगळ्या दिशेने येतो, फाकवणारा नसतो. म्हणून पडल्यामुळे नस मेलेला, पण बाकी शाबूत असलेला पुढचा दात काळवंडला असेल तर आधी तो आतून ब्लीच करून पाहावा. मागचं भोक कंपोझिटने बुजवलं की कित्येकदा तेवढंच पुरतं. रंग तरीही दबला नाही तर व्हेनिअर, आणि दात पोखरून अर्धा झालेला असेल तरच कॅप.

आता आक्षेप. सर्वांत जोरकस आणि वरवर पाहता सर्वांत शहाणा आक्षेप असा : कॅप मजबूत असते, व्हेनिअर नाजूक. मग एकदाच कापून कायमची निश्चिंती का करून घेऊ नये? यातलं अर्धं खरं आहे. चांगली कॅप टिकते. धातू-सिरॅमिक कॅपचं पाच वर्षांचं टिकणं अभ्यासांमध्ये 95 टक्क्यांच्या आसपास येतं. पण मजबूत असते ती कॅप. तिच्या आतला दात ती बसवताना कमजोर झालेला असतो. दोन्ही गोष्टी कधी ना कधी बिघडतातच, तेव्हा कुठली कशी बिघडते हे बघायला हवं. व्हेनिअर बिघडलं तर बहुधा त्याचा टवका उडतो किंवा ते सुटून येतं. खाली दात असतो, नवं चिकटवता येतं, आणि तेही न जमलं तर कॅपचा रस्ता मोकळा असतोच. कॅप बिघडते तेव्हा बहुधा तिच्या कडेखाली कीड शिरलेली असते, नस मेलेली असते किंवा खुंट मोडलेला असतो. त्यानंतरची पायरी रूट कॅनल, मग पोस्ट, मग इम्प्लांट. व्हेनिअरवरून कॅपवर कधीही जाता येतं, कॅपवरून व्हेनिअरवर परतता येत नाही. पंचविशीत बसवलेलं काहीही सत्तरीपर्यंत तसंच राहणार नाही. मधे दोनतीनदा बदलावं लागेल आणि दर वेळी थोडा दात आणखी जाईल. ज्याला इतका लांबचा पल्ला गाठायचा आहे त्याने सुरुवातीलाच सगळा दात खर्चून टाकू नये.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राच्या बाजूने येतो. आता झिर्कोनिया आलंय, अर्ध्या मिलिमीटरचीही कॅप होते, मग कापण्याचा बाऊ कशाला? झिर्कोनिया खरंच पातळ आणि चिवट असतं, आणि दाढांवर ते उत्तम काम देतं. पण पातळ असली तरी कॅप ती कॅप : शेजारच्या दाताला टेकणाऱ्या बाजूही घासाव्या लागतात, आणि व्हेनिअरमध्ये त्या बहुधा वाचतात. शिवाय झिर्कोनियावर हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा नेहमीच्या पद्धतीने परिणाम होत नाही. ते चिकटवायला वाळूचा मारा आणि वेगळा प्रायमर लागतो. म्हणून पुष्कळदा पकडीसाठी दाताच्या आकारावर भिस्त ठेवली जाते, आणि आकार द्यायचा म्हणजे पुन्हा तासणं आलं. अगदी उलट टोकाचा दावा 'अजिबात न घासता व्हेनिअर' असा असतो. बारीक, आखूड किंवा फटी असलेल्या दातांवर तो खरा ठरतो. नेहमीच्या आकाराच्या किंवा थोड्या पुढे आलेल्या दातांवर न घासता थर चढवला तर दात जाड, फुगीर दिसतात, ओठ उचलला जातो आणि हिरडीशी अन्न अडकणारी कड तयार होते. दात वाचवणं चांगलंच, पण त्यासाठी हिरडी सुजवणं नको.

तिसरा आक्षेप दंतवैद्यांकडून येतो, आणि तो मला पटतो : दिसणं हा उथळ प्रश्न नाही. तोंड झाकून हसणारा माणूस नोकरीच्या मुलाखतीत आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर काय सोसतो हे 'दात निरोगी आहेत ना, मग झालं' असं म्हणून उडवून लावता येत नाही. पण दिसण्यासाठीच उपचार करायचा तर सर्वांत कमी कापणाऱ्या उपायापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात डागांचं कारण पुष्कळदा पाण्यात असतं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5. लहानपणी इनॅमल तयार होत असताना ते त्याहून जास्त पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे उमटतात. सौम्य पट्टे इनॅमलचा अगदी वरचा, मिलिमीटरच्या दशांशात मोजायचा थर घासून, म्हणजे मायक्रोॲब्रेजनने, आणि जोडीला ब्लीच करून बरेच फिके होतात. पांढऱ्या ठिपक्यांत रेझिन मुरवण्याची पद्धतही आहे. खोल तपकिरी, खड्डे पडलेले दात असतील तेव्हाच व्हेनिअरचा विचार करावा, आणि तिथेही इनॅमल पुरेसं भक्कम आहे ना हे तपासावं. टेट्रासायक्लिन या औषधाने पडलेले राखाडी पट्टे याहून हट्टी. ते इनॅमलखालच्या डेंटिनमधून येत असल्यामुळे पातळ व्हेनिअरमधून झिरपतात, आणि तिथे जाड व्हेनिअर किंवा कधी कॅप समर्थनीय ठरते. मिश्री, तंबाखू, चहा यांचे डाग मात्र वरचे असतात. ते नुसते दात साफ करून निघतात, त्यावर सिरॅमिक चढवायचं काहीच कारण नाही. मिश्री चालूच राहणार असेल तर सिरॅमिकच्या कडेलाही ती तितक्याच निष्ठेने बसते.

वेडेवाकडे दात हा रंगापेक्षा मोठा सापळा आहे. तारा लावायच्या तर दीड-दोन वर्षं, आणि कॅप घातल्या की तीन आठवड्यांत दात सरळ. असा सौदा मांडला जातो. पुढे आलेला दात कॅपने सरळ 'दाखवायचा' तर तो बाहेरून इतका तासावा लागतो की आधीच रूट कॅनल करून टाकण्याची वेळ येते. जिवंत, निरोगी दाताची नस केवळ सरळ रेषेसाठी मारायची हा उपचार नव्हे. तारा किंवा अलायनरने दात जागेवर आणून, मग ब्लीच आणि अखेरीस जिथे उणीव दिसेल तिथे थोडं कंपोझिट असा क्रम ठेवला तर कित्येकांना ना व्हेनिअर लागतं ना कॅप. वय लहान असेल तर हा क्रम आणखी महत्त्वाचा. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलीच्या दातातली नस वयस्करांपेक्षा मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते, आणि हिरडीची कड अजून पूर्ण स्थिरावलेली नसते. त्या वयात कॅप घातली तर नसेला धोका जास्त, आणि चार वर्षांत हिरडी सरकून कडेची रेघ दिसू लागते ते वेगळंच. तोवर कंपोझिटने काम चालवावं. ते डागाळतं, काही वर्षांनी बदलावं लागतं, पण दात जागच्या जागी राहतो.

उलट पन्नाशी-साठीत तराजू कॅपकडे झुकू शकतो. वर्षानुवर्षं सुपारी चघळून दात सपाट झिजलेले, जागोजागी जुनी सिमेंटं, इनॅमलची नुसती किनार उरलेली, असं तोंड असेल तर व्हेनिअरचा आग्रह धरणं हट्टाचं होईल. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांनी तर दोन्ही बाबतींत सावध राहावं. सकाळी जबडा दुखतो का, गालाच्या आत दातांच्या ओळीची रेघ आहे का, सुळ्यांची टोकं सपाट झाली आहेत का, हे आरशात बघता येतं. सवय असेल तर पातळ सिरॅमिकचे टवके उडतात. व्हेनिअर घेतलं किंवा कॅप घेतली तरी रात्रीचा गार्ड वापरावा लागतो, आणि तो वापरायची तयारी नसेल तर हे काम करूनच घेऊ नये.

इंग्लंडमध्ये अलीकडे 'टर्की टीथ' नावाने एक प्रकार गाजला. स्वस्तात व्हेनिअर मिळतात म्हणून तरुण मुलं तुर्कस्तानात जातात आणि परतताना पुढचे सगळे दात खुंटाएवढे तासून, कॅप चढवून येतात. कित्येकांना आपल्याला व्हेनिअर मिळाली असंच वाटत असतं. आपल्याकडची पॅकेजं याहून फार निराळी नाहीत, आणि डिसेंबरच्या सुटीत अमेरिका किंवा आखातातून येऊन दोन आठवड्यांत तोंडाचं काम उरकणाऱ्यांना हा धोका जास्त. त्रास सुरू होतो तेव्हा काम करणारा दवाखाना हजारो मैल दूर असतो. म्हणून खुर्चीत आडवं होण्यापूर्वी काही गोष्टी विचारून, शक्यतो लिहून घ्या. कुठल्या दाताला नक्की काय बसणार आणि मागची बाजू कापणार का? मागची बाजू कापणार असतील तर नाव काहीही दिलेलं असो, ती कॅपच आहे. माझ्या दातात असं काय बिघडलंय की कमी कापणारा उपाय चालणार नाही? 'व्हेनिअर टिकत नाही' हे याचं उत्तर नव्हे. 'या दाताची ही भिंत गेलीय, हा बघा एक्स-रे' हे उत्तर आहे. नस जिवंत आहे का हे थंडाव्याच्या चाचणीने पाहिलं का? कीड आणि हिरड्यांचा आजार आधी बरा करणार ना? हिरडीतून रक्त येत असताना घेतलेलं माप नीट बसत नाही. मोठं काम असेल तर प्रोस्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे या विषयात एमडीएस केलेल्याचं मत घ्यावं. दुसरं मत परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं किंवा मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे रांग असते, पण तुम्हाला पॅकेज विकण्यात कुणाचा फायदा नसतो.

एक चाचणी मात्र प्रत्येकाने मागावीच. दातांच्या साच्यावर मेणाने किंवा संगणकावर नवा आकार बनवून, त्यावरून तुमच्या न कापलेल्या दातांवर तात्पुरतं प्लास्टिक चढवता येतं. याला मॉकअप म्हणतात. तो घालून बोलून बघा. 'फ', 'व', 'स' नीट उमटतात का, दात लांब तर वाटत नाहीत ना, घरच्यांना काय वाटतं. आवडला नाही तर काढून टाकायचा, दाताचा एक कणही गेलेला नसतो. रंग ठरवायचा तो दिवसाच्या उजेडात आणि कामाच्या सुरुवातीला, कारण तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो काही काळ असतो त्याहून पांढरा दिसतो आणि सगळेच फसतात. शेडच्या पट्टीवर शेवटी ब्लीचचे रंग असतात, नैसर्गिक दातांत सहसा न सापडणारे. ते मागण्यापूर्वी खालचे दात कुठल्या रंगाचे राहणार आहेत ते बघा. ब्लीच करायचंच असेल तर आधी करा आणि मग दोनेक आठवडे थांबा. ब्लीचनंतर लगेच इनॅमलवर रेझिनची पकड कमी बसते, आणि सिरॅमिकचा रंग पुढे कधीच ब्लीच होत नाही.

काम झाल्यावर तयारीपूर्वीचे एक्स-रे, फोटो, वापरलेल्या सिरॅमिकचं नाव आणि शेड यांची नोंद मागून घ्या आणि जपून ठेवा. आठदहा वर्षांनी एखादं बदलताना, कदाचित दुसऱ्या गावात, दुसऱ्याच डॉक्टरकडे, तिचाच आधार असतो. कॅपच्या कडेला रोज फ्लॉस फिरवा. तो एकाच जागी दर वेळी फाटत असेल, किंवा तिथून वास येत असेल, तर दुखायची वाट न बघता दाखवा. नस नसलेल्या दातात कीड कितीही खोल गेली तरी दुखत नाही.